मोड येण्याआधी

मे महिना संपत आला की रिठदच्या शेतकरी घरांतून एक साधा प्रयोग होतो. रिसोड तालुक्यातल्या या गावाच्या शिवारात, वाशिम जिल्ह्यातल्या बहुतेक शिवारांसारखंच, खरिपाचं मोठं पीक सोयाबीनचं. घरचं बियाणं वापरायचं तर ते उगवेल की नाही हे पेरणीआधी बघून घ्यावं लागतं. पोतं ओलं करून अंथरायचं, त्यावर दहा-दहाच्या ओळींत १०० दाणे मांडायचे, पोत्याची गुंडाळी करून ती सावलीत ठेवायची आणि वरून पाण्याचा शिपका देत राहायचं. पाच-सहा दिवसांनी गुंडाळी उलगडायची आणि मोड मोजायचे. ७० किंवा जास्त दाण्यांना धड मोड आले तर बियाणं पेरण्याजोगं. थोडे कमी आले तर एकरी बियाणं वाढवायचं. फारच कमी आले तर ते पोतं बाजाराकडे.

या पाच-सहा दिवसांत दाण्याच्या आत जे घडतं, ते जगातल्या सगळ्या जिवंत वस्तूंमध्ये घडतं. वखर ओढणाऱ्या बैलात घडतं, तिफणीमागे चालणाऱ्या माणसात घडतं, त्याच्या पायाखालच्या मातीतल्या जिवाणूतही घडतं. मला त्याचं नवल अजून सरलेलं नाही. म्हणून हा लेख.

कोरड्या दाण्यात दहा-बारा टक्के पाणी असतं. एवढ्या पाण्यावर तो महिनोन्महिने जवळजवळ निश्चल पडून राहतो. ओल लागली की तो फुगतो, आणि मोड दिसण्याच्या कितीतरी आधी, पहिल्या काही तासांतच, त्याच्या पेशी ऑक्सिजन ओढू लागतात. त्याला अजून पान फुटलेलं नाही, त्यामुळे उन्हाचा उपयोग नाही. जवळ आहे ती झाडाने शेंगेत बांधून दिलेली शिदोरी: सुमारे ४० टक्के प्रथिनं, सुमारे २० टक्के तेल आणि थोडी साखर. पण शिदोरी असणं वेगळं आणि ती वापरता येणं वेगळं. बाजारात पाचशेची नोट घेऊन दहा रुपयांची कोथिंबीर मागितली तर विक्रेता म्हणतो, मोड आणा. पेशीचंही तसंच आहे. साखर किंवा तेलाचा रेणू ही मोठी नोट. पेशीतली कामं छोटी छोटी: एक प्रथिन जोडायचं, एक क्षार आत ओढायचा, एक धागा आखडायचा. प्रत्येक कामाला थोडी, मोजकी ऊर्जा लागते. मोठ्या नोटेची ही मोड म्हणजे एटीपी नावाचा रेणू. दाण्याला मोड यायचा, तर आधी त्याच्या पेशींना अशी मोड करून घ्यावी लागते.

मोडायची रीत कोणती? वाळलेल्या कुटाराला काडी लावली तर ते भुर्रकन जळतं. कुटारातला कर्ब ऑक्सिजनशी संयोग पावतो, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघून जाते, उष्णता उरते. श्वसनाचा हिशेब शेवटी हाच. १७८२-८३च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला आणि त्याच्या अंगच्या उबेने किती बर्फ वितळलं ते मोजलं. गिनीपिगने सोडला तेवढाच कार्बन डायऑक्साइड देणारा कोळसा जाळला तर किती बर्फ वितळतं तेही पाहिलं. दोन्ही आकडे जवळ आले. श्वास म्हणजे संथ ज्वलन, असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि तो टिकला.

मात्र कुटार जळतं तशी पेशी जळत नाही. जुन्या बारवेच्या काठावरून उडी मारली तर माणूस क्षणात तळाशी जातो, पण हाडं मोडतात. पायऱ्यांनी उतरलं तर उंची तेवढीच उतरली जाते आणि प्रत्येक पायरीवर हातातली घागर शाबूत राहते. पेशी साखरेला पायऱ्यांनी उतरवते. प्रत्येक पायरीवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, उभं असतं आणि ते एकच नेमका बदल घडवतं. एक मोल ग्लुकोज, म्हणजे १८० ग्रॅम, पूर्ण जाळलं तर सुमारे ६८६ किलोकॅलरी ऊर्जा सुटते. त्यातली साधारण तिसरा हिस्सा ते निम्मी पेशी एटीपीच्या रूपाने पकडते. उरलेली उष्णता होते, आणि आपलं अंग ३७ अंशांवर राहतं ते तिच्यामुळे.

उताराच्या पहिल्या दहा पायऱ्या पेशीच्या द्रवात असतात. सहा कर्बांची साखर इथे तीन-तीन कर्बांच्या दोन तुकड्यांत फुटते. हे तुकडे म्हणजे पायरुविक आम्ल. या सगळ्या खटपटीतून निव्वळ दोन एटीपी पदरात पडतात. या पायऱ्यांना ऑक्सिजन लागत नाही. १८९७मध्ये एडुआर्ड बुख्नर यांनी यीस्टच्या पेशी वाळूबरोबर घोटून नुसता रस काढला. त्या निर्जीव रसातही साखर आंबली आणि फेस आला, तेव्हा जिवंतपणाचं हे काम रसायनांचं आहे हे प्रथम कळलं. पुढची काही दशकं एकेक पायरी शोधण्यात गेली.

हवा असेल तर पायरुविक आम्ल पुढे जातं. नसेल तर तिथेच अडकतं, आणि इथे रिठदच्या वावराचा थेट संबंध येतो.

काळ्या मातीत पेरणी झाली आणि लगेच धो धो पाऊस कोसळला, तर मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात. ऑक्सिजन पाण्यातून हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. तीन-चार सेंटिमीटर खोल पडलेल्या दाण्याला पाणी मुबलक, साखर जवळ, पण हवा नाही. तो साखरेच्या पहिल्या दहा पायऱ्या उतरत राहतो, दोन-दोन एटीपीवर भागवतो, आणि उरलेल्या तुकड्यांची विल्हेवाट लावण्यासाठी त्यांचा अल्कोहोल करतो. दारूच्या पिंपात यीस्ट जे करतं, तेच. जिथे तीस एटीपी मिळायचे तिथे दोन मिळतात. शिदोरी झपाट्याने संपते, आणि अल्कोहोल व त्याआधी तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड पेशींना मारक ठरतं. तीन-चार दिवसांनी माती उकरून पाहिलं तर मऊ पडलेला, आंबूस वासाचा दाणा हाती लागतो. शेतकरी म्हणतो, बी सडलं. ते सडण्याच्या आधी गुदमरलेलं असतं. दुबार पेरणीमागचं हेही एक कारण आहे, आणि त्याचा खर्च ज्यांनी सोसलाय त्यांना तो सांगावा लागत नाही.

आपल्या भाषेत यासाठी एक शब्द आहे, ज्याचा मला अभिमान वाटतो: वापसा. जमिनीत ओल आहे, पण चिखल नाही. मूठ वळते, पण फोडली की ढेकूळ भुगा होतं. ओल आणि हवा दोन्ही पोकळ्यांत हव्या त्या प्रमाणात असण्याची ही अवस्था. पेशीत ऑक्सिजनचं काम काय हे कोणाला ठाऊक नव्हतं तेव्हापासून वापसा आल्याशिवाय पाभर घालू नये हे माहीत होतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच सोयाबीन पेरा, हा कृषी विभागाचा सल्ला ओलीच्या बाजूची काळजी घेतो. रुंद वरंबा आणि सरी पाडणारं बीबीएफ यंत्र दोन्ही बाजूंची घेतं, कारण जादा पाणी सरीतून निघून जातं आणि वरंब्यावरच्या मुळांना हवा मिळते. शेत चिबडलं की तूर पिवळी पडते, तिचंही मूळ कारण तेच. मुळांनी क्षार ओढायचे तर एटीपी लागतात, आणि एटीपीला हवा लागते.

आता हवा असलेल्या दाण्याकडे वळू.

पायरुविक आम्ल तंतुकणिकेत शिरतं. तंतुकणिका म्हणजे पेशीच्या पोटातली, दुहेरी पडदा असलेली लांबोडकी पिशवी, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या मापाची. आत एक चक्र फिरतं. त्यात कर्बाचे उरलेसुरले तुकडे सुटे होऊन कार्बन डायऑक्साइड बनतात, आणि हायड्रोजन काढून वाहक रेणूंवर लादला जातो. हे चक्र १९३७मध्ये हॅन्स क्रेब्ज यांनी इंग्लंडमधल्या शेफील्डला शोधलं. जर्मनीत नोकरी गेल्यावर ते इंग्लंडला आले होते. कबुतराच्या छातीच्या स्नायूवर हे काम झालं. 'नेचर' या नियतकालिकाने त्यांचं टिपण परत पाठवलं होतं. १९५३मध्ये याच कामासाठी नोबेल मिळालं.

क्रेब्ज चक्रातून थेट मिळणारे एटीपीही दोनच. मग बाकीचे कुठून येतात? वाहकांवर लादलेल्या हायड्रोजनमधून. त्यातले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यावर बसलेल्या प्रथिनांच्या साखळीत हातोहात पुढे दिले जातात. गावात आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लावून बादल्या पुढे सरकवतात, तसे. रांगेच्या शेवटी ऑक्सिजन उभा असतो. तो इलेक्ट्रॉन घेतो, हायड्रोजनशी जुळतो आणि पाणी बनतो. आपण दर श्वासाला जो ऑक्सिजन घेतो, त्यातला बहुतेक सगळा याच एका जागी खर्च होतो.

या रांगेतल्या काही प्रथिनांत लोह असतं, म्हणून ती रंगीत दिसतात. १९२५मध्ये केंब्रिजच्या डेव्हिड केलिन यांनी वर्णपटदर्शकातून कीटकांचे स्नायू आणि यीस्ट पाहिलं आणि त्यांत त्यांना काळ्या पट्ट्यांची एकच ठेवण दिसली. ऑक्सिजन मिळाला की पट्टे पुसट होत, तो संपला की पुन्हा उमटत. त्यांनी या द्रव्याला सायटोक्रोम म्हटलं, म्हणजे पेशीचा रंग.

आणि याच सायटोक्रोमच्या गोष्टीत एक मराठी नाव आहे. ते शाळेच्या पुस्तकात अजून ठळक यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी, १९११ साली इंदूरला जन्मल्या. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही बंगळूरच्या टाटांच्या संस्थेतून शिकून आलेले रसायनशास्त्रज्ञ. थोरली बहीण दुर्गा भागवत, जिची मराठी वाचकाला वेगळी ओळख द्यावी लागत नाही. १९३३मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. होऊन कमलाबाईंनी बंगळूरच्या त्याच संस्थेत अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी तो मुलगी म्हणून नाकारला. त्या थेट त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हलल्या नाहीत. शेवटी अटी घालून प्रवेश मिळाला. पहिलं वर्ष ही परीक्षाच होती. काम पाहून मगच नियमित प्रवेश. तिथे श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं. कमलाबाईंच्या त्या वर्षामुळे पुढच्या मुलींना संस्थेचं दार उघडलं.

नंतर त्या केंब्रिजला गेल्या. फ्रेडरिक हॉपकिन्स यांचा जीवरसायनशास्त्राचा विभाग तेव्हा जगात नावाजलेला. तिथे आधी डेरेक रिश्टर आणि मग रॉबिन हिल यांच्याबरोबर त्यांनी काम केलं. हिल यांच्याकडे विषय मिळाला बटाट्याचा. बटाटा कापून ठेवला की काळा पडतो, कारण त्यात ऑक्सिजन वापरणारी दुसरीही विकरं असतात. त्यामुळे वनस्पतीच्या पेशी श्वास घेतात तो नेमका कोणत्या वाटेने, हे सांगणं सोपं नव्हतं. कमलाबाईंनी बटाट्याच्या ऊतीत सायटोक्रोम सी असल्याचं दाखवलं आणि वनस्पतीच्या पेशींतल्या ज्वलनात त्याचा वाटा आहे हे मांडलं. म्हणजे बटाट्याचा कंद आणि घोड्याचं काळीज एकाच रांगेतून इलेक्ट्रॉन पुढे देतात. प्रबंध होता जेमतेम ४० पानांचा. १९३९मध्ये त्यावर पीएचडी मिळाली, आणि विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना झाली. त्याच वर्षी त्या भारतात परतल्या. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी विद्यार्थी घडवले. नीरा, ताडगूळ, डाळी अशा गरिबाच्या ताटातल्या पदार्थांची पोषणमूल्यं तपासली. परदेशात झाडं-जनावरं सगळ्यांना सामाईक असलेल्या रेणूवर काम केलेली ही बाई घरी येऊन तुरीच्या डाळीकडे वळली, याचा मला फार आदर वाटतो.

सायटोक्रोम सी किती सामाईक आहे, तर माणसाच्या आणि चिंपांझीच्या या प्रथिनात १०४ अमिनो आम्लांपैकी एकाही जागी फरक नाही. घोड्याशी तुलना केली तर थोडे फरक दिसतात, गव्हाशी केली तर बरेच. पण लोह धरून ठेवणाऱ्या मोक्याच्या जागा तिकडेही तशाच. सोयाबीनच्या दाण्यात आणि तो पेरणाऱ्याच्या तळहातात हे एकाच घराण्याचं प्रथिन आहे.

या रांगेतला शेवटचा माणूस अडवला तर काय होतं, हे पशुपालकांना ठाऊक आहे. कोवळी ज्वारी, विशेषतः पावसाने ताण दिल्यावर खुरटलेली किंवा कापणीनंतर फुटलेली, जनावराच्या तोंडी लागू द्यायची नाही असा दंडक आहे. त्या कोवळ्या पानांत धुरिन नावाचं द्रव्य असतं. ते चघळलं गेलं की हायड्रोसायनिक आम्ल सुटतं, आणि त्यातलं सायनाइड साखळीच्या टोकाशी असलेल्या विकराच्या लोहाला जाऊन चिकटतं. ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन मिळत नाहीत. जनावर धापा टाकतं, थरथरतं, कोसळतं. त्याच्या फुप्फुसांत हवा असते, रक्तात ऑक्सिजन असतो, उलट रक्त नेहमीपेक्षा लालभडक दिसतं, कारण तो ऑक्सिजन कोणी घेतच नाही. भरल्या हवेत पेशी गुदमरतात. पशुवैद्यक वेळेत पोहोचला आणि सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शनं दिली गेली तर जनावर वाचू शकतं. पीक पक्वतेला आलं की हा धोका बराच ओसरतो.

आता राहिला सगळ्यात सुंदर भाग. इलेक्ट्रॉन पुढे सरकतात त्यातून एटीपी कसे बनतात? अनेक वर्षं शास्त्रज्ञ कुठल्यातरी मधल्या रसायनाच्या शोधात होते. ते काही केल्या सापडेना. १९६१मध्ये पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाने सांगितलं, की मधलं रसायन नाहीच. इलेक्ट्रॉन सरकताना प्रोटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घेतलेले हायड्रोजन, पडद्याच्या एका बाजूहून दुसरीकडे ढकलले जातात, तिकडे ते साठतात, आणि परत येऊ पाहणारा त्यांचा लोंढा एटीपी घडवतो. अनेकांना हे पटायला दहा-पंधरा वर्षं लागली. १९७८मध्ये मिचेल यांना नोबेल मिळालं.

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच उमगेल. दूरच्या डोंगरातलं पाणी नळांतून आणून उंचावर चढवायचं, तिथून खाली सोडायचं, त्याने पातं फिरवायचं आणि पात्याने वरचं जातं. पेशीत पाण्याच्या जागी प्रोटॉन, आणि बंधारा म्हणजे मिलिमीटरच्या दोन लाखाव्या भागाइतका पातळ पडदा. त्याच्या दोन बाजूंतला विजेचा दाब एक पंचमांश व्होल्टच्या आतबाहेर. आकडा किरकोळ वाटतो. पण इतक्या पातळ पडद्यासाठी तो दर मीटरला तीन-चार कोटी व्होल्ट पडतो. आणि जातं ही नुसती उपमा नाही. एटीपी सिंथेज हे प्रथिन खरोखर गरगर फिरतं, सेकंदाला शंभरावर फेरेही घेऊ शकतं, आणि दर फेऱ्याला तीन एटीपी बाहेर टाकतं. १९९७मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्याच्या आसाला चमकणारा प्रथिनाचा धागा चिकटवून ते फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. त्याच वर्षी पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना या यंत्रणेच्या उलगड्यासाठी नोबेलचा वाटा मिळाला. एका ग्लुकोजमागे एकूण एटीपी ३० ते ३२ भरतात; जुन्या पुस्तकांत ३६ किंवा ३८ लिहिलेले असतात.

खुद्द एटीपीचा शोध १९२९मधला. जर्मनीत कार्ल लोमान आणि अमेरिकेत हार्वर्डला सायरस फिस्के व येल्लाप्रगडा सुब्बाराव या दोन्ही ठिकाणी तो एकाच काळात लागला. सुब्बाराव आंध्रातले. विश्रांतीत असलेलं माणसाचं शरीर साधारण १०० वॉटच्या दिव्याइतकी ऊर्जा वापरतं. त्यासाठी दिवसभरात घडणारे आणि मोडणारे एटीपी मोजले तर ते त्याच्या स्वतःच्या वजनाच्या आसपास भरतात, जरी एका क्षणी अंगात असलेले काही तोळेच असले तरी. म्हणजे तीच मोड दिवसभर पुन्हा पुन्हा हातांतून फिरते.

पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने सोयाबीनचं रोप अलगद उपटून पाहा. मुळांवर गाठी दिसतील. एखादी नखाने फोडली तर आत गुलाबी रंग दिसतो, अगदी मांसासारखा. हे हिमोग्लोबिनचंच भावंड, लेगहिमोग्लोबिन. गाठीतले जिवाणू हवेतला नत्र पकडतात. नत्राचा एक रेणू फोडायला किमान १६ एटीपी लागतात, म्हणजे श्वसन जोरात हवं, म्हणजे ऑक्सिजन भरपूर हवा. पण नत्र पकडणारं विकर मोकळ्या ऑक्सिजनने खराब होतं. या पेचातून वाट काढते ती ही गुलाबी प्रथिनाची सोय: ऑक्सिजन धरून न्यायचा, मोकळा सोडायचा नाही, हातोहात पोहोचवायचा. आतून हिरवट किंवा तपकिरी पडलेली गाठ काम थांबवलेली असते.

ऑक्टोबरात कापणी होते, सुडी लागते. परतीचा पाऊस सुडीत मुरला तर दोन दिवसांनी आत हात घालून पाहावा. हात शेकतो. ओले दाणे आणि त्यांच्यावर वाढणारी बुरशी, दोघांनीही श्वास सुरू केलेला असतो. श्वासातून उष्णता निघते आणि पाणीही, त्या पाण्याने ओल वाढते, ओलीने श्वास वाढतो. म्हणून सुडी ताडपत्रीखाली हवी, आणि मळल्यावर बियाण्याचा ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणायला हवा. तेवढ्यावर दाणा श्वास थांबवत नाही, फक्त इतका मंदावतो की शिदोरी जूनपर्यंत पुरते.

एक गोष्ट मात्र कोरडेपणानेही साधत नाही. सोयाबीनच्या दाण्याची साल फार पातळ, आणि कोंब अगदी तिच्याखाली. पोतं ट्रॉलीतून आदळलं किंवा मळणीयंत्राचे फेरे जास्त ठेवले तर दाणा वरून धड दिसतो, पण आतल्या पेशींचे पडदे दुखावलेले असतात. ओल लागली की अशा दाण्यातली साखर जाळली जाण्याआधीच मातीत झिरपते, आणि ती खायला बुरशी टपलेली असते.